जनरल जगन्नाथराव भोसले : एका सेनानीचें उत्तरचरित्र

१. प्रास्ताविक

मुंबईंत मंत्रालयाच्या बाजूनें जाणाऱ्या एका रस्त्यास जनरल जगन्नाथराव भोसले यांचें नांव दिलेलें आहे. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानची वास्तु याच रस्त्यावर असल्यामुळें तें नांव सभासंमेलनांच्या निमंत्रणपत्रिकांवर नेहमीं छापलें जातें, आणि नव्या मुंबईंतून सरकारी कामासाठीं मंत्रालयांत जाणारे लोक तें रोज वाचतात. या लोकांत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचे मूळ रहिवासी पुष्कळ असतात. त्या जिल्ह्यांचा कारभार पाहणाऱ्या विभागीय आयुक्तांची कचेरीही नव्या मुंबईंतच, बेलापुरास कोंकण भवनांत, आहे. असें असतां, 'हे जनरल भोसले कोण ?' असा प्रश्न आम्हीं आमच्या वस्तींतील कोंकणी मंडळींस केला तेव्हां 'आझाद हिंद सेनेंतले' याहून अधिक उत्तर क्वचितच मिळालें. सैन्य सोडल्यावर हे गृहस्थ पांच वर्षें भारत सरकारांत उपमंत्री होते, आणि शाळेंतील लक्षावधि मुलांस ज्या एका योजनेचा स्पर्श झाला तिचे ते प्रवर्तक होते, ही गोष्ट तर कोणाच्या गांवींही नव्हती.

त्यांचें समग्र चरित्र लिहिण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. इ. स. १९४२ पासून १९६३ पर्यंतच्या एकवीस वर्षांत त्यांच्याकडे जीं जीं कामें आलीं त्यांचें स्वरूप तपासून, त्यावरून निघणारें एक अनुमान वाचकांपुढें ठेवावें एवढाच आमचा उद्देश आहे. तें अनुमान असें : सेनेंत काय किंवा राजकारणांत काय, भोसले यांच्या वांट्यास येणारें काम बहुतेक वेळां एकाच जातीचें होतें. दुसऱ्यांनीं उभारलेलें मोडून पडावें व तें सांवरावयास भोसले यांनीं पुढें व्हावें, असें एकदां नव्हे तर चार वेळां घडलें. इतिहास आरंभ करणाऱ्यांस व विजयी होणाऱ्यांस लक्षांत ठेवतो. मोडलेलें सांवरणाऱ्यांची नोंद तो त्रोटक ठेवतो. भोसले यांचें नांव पाटीवर राहिलें व कार्य विस्मृतींत गेलें, याचें कारण आमच्या मतें येथें आहे.

२. जन्म व लष्करी शिक्षण

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ सालीं सांवतवाडी संस्थानांतील तिरोडें या गांवीं झाला. हा मुलूख पुढें रत्नागिरी जिल्ह्यांत आला, आणि १९८१ सालीं तो जिल्हा विभागला गेल्यावर सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडूं लागला. त्यांचें शिक्षण देहराडूनच्या प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नांवानें १९२२ सालीं उघडलेल्या लष्करी विद्यालयांत व नंतर इंग्लंडांत सँडहर्स्ट येथें झालें. १९२८ सालीं त्यांस राजाचें कमिशन मिळालें.

या कमिशनचा अर्थ आजच्या वाचकांस थोडा उलगडून सांगितला पाहिजे. १९१८ पूर्वीं हिंदी तरुणास सँडहर्स्टचें दार बहुशः बंदच होतें. त्या वर्षापासून दरसाल दहा जागा हिंदी उमेदवारांसाठीं ठेवण्यांत आल्या. देहराडूनची स्वतंत्र लष्करी अकादमी १९३२ सालीं निघाली. तोंपर्यंत हाच एक मार्ग होता. इतकें करूनही, गोऱ्या अधिकाऱ्यास हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखालीं काम करण्याची पाळी येऊं नये म्हणून १९२३ सालीं सरकारनें आठ पलटणी निवडल्या व हिंदी अधिकाऱ्यांची भरती तेवढ्या आठांतच करण्याचें ठरविलें. त्या आठांत मराठा लाइट इन्फंट्रीची पांचवी, म्हणजे 'रॉयल' म्हणून ओळखली जाणारी, पलटण होती. भोसले मराठा लाइट इन्फंट्रींतच दाखल झाले. अधिकार मिळाला, परंतु तो एका कुंपणाच्या आंत. हिंदी अधिकाऱ्यांची ही पहिली पिढी राजनिष्ठेची शपथ घेऊन बाहेर पडली खरी. परंतु त्या शपथेच्या दुसऱ्या बाजूनें आपणांवर पुरा विश्वास टाकलेला नाहीं, हेंही ती पिढी रोज अनुभवीत होती. पुढील प्रसंगांचा विचार करतांना हें विसरून चालणार नाहीं.

३. सिंगापूरची शरणागति

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. त्या वेळीं भोसले लेफ्टनंट कर्नल होते, म्हणजे शरण गेलेल्या हिंदी अधिकाऱ्यांत अगदीं वरच्या हुद्द्याच्या थोडक्यांपैकीं एक. १७ फेब्रुवारीस फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार हिंदी शिपाई जमविण्यांत आले. त्यांचे गोरे अधिकारी अगोदरच वेगळे काढून नेले होते. ब्रिटिशांच्या प्रतिनिधीनें त्यांस जपानी मेजर फुजिवारा याच्या हवालीं केलें, आणि फुजिवारानें कॅप्टन मोहनसिंग यांच्या. ज्यांनीं शपथ घ्यावयास लाविलें होतें, त्यांनींच मैदानावर उभें करून दुसऱ्यांच्या स्वाधीन केलें, ही भावना अनेक शिपायांच्या मनांत त्या दिवशीं रुजली.

मोहनसिंग यांच्या नेतृत्वाखालीं १ सप्टेंबर १९४२ रोजीं पहिली आझाद हिंद सेना रीतसर उभी राहिली. तींत सुमारे १६ हजार लोक होते. राजकीय सूत्रें रासबिहारी बोस यांच्या अध्यक्षतेखालील कार्यकारी मंडळाकडे होतीं. हुद्द्यानें भोसले मोहनसिंगांहून पुष्कळ वरचे. तरी त्यांनीं या सेनेंत 'हिंदुस्थान फील्ड' नांवाच्या पथकाचें आधिपत्य पत्करलें. लष्करी मनास ज्येष्ठताक्रम किती महत्त्वाचा असतो हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस कर्नलानें कॅप्टनाच्या हाताखालीं काम करणें म्हणजे काय हें सांगावयास नको.

४. डिसेंबर १९४२ चा पेंच

आतां भोसले यांच्या चरित्रांतील सर्वांत वादग्रस्त प्रसंगाकडे वळूं. बँकॉक येथें जून १९४२ मध्यें भरलेल्या परिषदेनें जे ठराव केले होते त्यांस जपान सरकारनें स्पष्ट मान्यता द्यावी, अशी मोहनसिंग यांची मागणी होती. ती मिळेना. उलट, सेनेच्या तुकड्या ब्रह्मदेशाकडे धाडण्याची घाई जपानी अधिकारी करूं लागले. मोहनसिंगांनीं नकार दिला. २९ डिसेंबर १९४२ रोजीं त्यांस अटक झाली. आपणांस अटक झाल्यास सेना विसर्जित समजावी, असें त्यांनीं अगोदरच लिहून ठेविलें होतें. त्याप्रमाणें सेना मोडली.

पुढील कित्येक आठवडे हजारों लोक छावण्यांत अधांतरीं होते : ना धड सैनिक, ना धड युद्धकैदी. अशा वेळीं रासबिहारी बोस यांनीं सेनेची नवी घडी बसविण्यास आरंभ केला व १९४३ च्या पूर्वार्धांत एक लष्करी संचालन-कार्यालय निर्माण केलें. त्याचे संचालक म्हणून भोसले यांची नेमणूक झाली. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल, हबीबुर रहमान हे त्यांच्या हाताखालीं निरनिराळ्या खात्यांवर आले.

यावर दोन पक्ष संभवतात. पूर्वपक्ष असा : मोहनसिंग यांनीं तत्त्वासाठीं सेना मोडली व तुरुंग पत्करला, त्यांच्या मागें त्याच सेनेची सूत्रें हातीं घेणें म्हणजे जपान्यांची सोय करून देणें होय. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. जपानचा हेतु शुद्ध नव्हता हें मोहनसिंग यांचें निदान पुढील इतिहासानें बहुतांशीं खरें ठरविलें. परंतु उत्तरपक्षही विचारांत घेतला पाहिजे. सेना मोडल्यानें शिपाई मोकळे होत नव्हते. ते जपान्यांचे कैदी होऊन मजुरीच्या टोळ्यांत जात होते. ज्या हिंदी कैद्यांनीं सेनेंत येण्याचें नाकारलें त्यांच्यापैकीं पुष्कळांचे दूरच्या बेटांवर अत्यंत हाल झाले. संघटित राहिलेले लोक निदान आपल्या अधिकाऱ्यांमार्फत बोलूं शकत होते. शिवाय सुभाषचंद्र बोस यांस जर्मनीहून आणण्याच्या हालचाली सुरू होत्या. ते आले तेव्हां त्यांच्या स्वाधीन करावयास कांहीं तरी उभें असणें अवश्य होतें.

दोन्ही पक्ष तोलून पाहतां आमचें मत असें कीं, मोहनसिंग यांचा निर्णय नेत्याचा होता व भोसले यांचा पालकाचा. पहिल्यानें तत्त्व राखलें, दुसऱ्यानें माणसें राखलीं. एकाच्या गौरवासाठीं दुसऱ्यास हिणवण्याचें कारण नाहीं.

५. चीफ ऑफ स्टाफ

सुभाषबाबू २ जुलै १९४३ रोजीं सिंगापुरास उतरले आणि ५ जुलैस नगरभवनापुढील मैदानावर त्यांनीं सेनेची मानवंदना घेतली. सहा महिन्यांपूर्वीं विस्कटलेली सेना त्या दिवशीं ओळीनें उभी होती. या दृश्याचें वर्णन करणारे लेखक सुभाषबाबूंच्या भाषणाचें वर्णन करतात, आणि तें योग्यच आहे. परंतु मधल्या सहा महिन्यांत त्या ओळी कोणीं लाविल्या, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारावयास हवा.

२५ ऑगस्टला सुभाषबाबूंनीं सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलें व भोसले त्यांचे चीफ ऑफ स्टाफ झाले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजीं सिंगापूरच्या कॅथे चित्रपटगृहांत आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. त्या सरकारांत सेनेच्या वतीनें जे सदस्य घेतले त्यांत अझीझ अहमद, भगत, गुलझारासिंग, कियानी, लोकनाथन, एहसान कादिर, शाहनवाज यांच्याबरोबर भोसले यांचें नांव आहे. म्हणजे मंत्रिपदाची त्यांची पहिली शपथ १९५२ सालची नसून १९४३ सालची आहे. आणि ज्या सरकारापुढें ती घेतली त्याच्याजवळ स्वतःची हातभर भूमि नव्हती.

इंफाळच्या रणांगणावर भोसले लढले नाहींत. तेथें कियानी, शाहनवाज यांचीं नांवें येतात. भोसले यांच्याकडे होतीं भरती, शिक्षण, नेमणुका, रसद व कागद हीं खातीं. युद्धाच्या बखरींत या खात्यांस जागा नसते. तथापि सिंगापूर, मलाया, सयाम व ब्रह्मदेश येथें पसरलेल्या, कैद्यांतून आलेले शिपाई आणि रबराच्या मळ्यांतून आलेले तमिळ मजूर यांच्या मिश्रणानें बनलेल्या सेनेस एका साच्यांत बसविणें हें काम किती किचकट असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. जपान्यांकडून शस्त्रें व वाहनें पुरेशीं मिळालीं नाहींत. १९४४ च्या पावसाळ्यांत इंफाळहून माघार घ्यावी लागली, आणि माघारींत गोळीपेक्षां उपासमारीनें व हिंवतापानें अधिक माणसें गेलीं.

६. बँकॉक, ऑगस्ट १९४५

सेनेचा शेवट तीन ठिकाणीं झाला, आणि तिन्ही ठिकाणीं एकेक अधिकारी मागें ठेवण्यांत आला. एप्रिल १९४५ मध्यें सुभाषबाबूंनीं रंगून सोडलें तेव्हां तेथें लोकनाथन राहिले. जपाननें शरणागति पत्करल्यावर १६ ऑगस्टला त्यांनीं सिंगापूर सोडलें तेव्हां तेथें कियानी राहिले. १७ ऑगस्टला त्यांनीं बँकॉक सोडलें तेव्हां तेथील भार भोसले यांच्यावर आला. दुसऱ्याच दिवशीं तैहोकू येथील विमान-अपघाताची ती घटना घडली, जिच्याविषयीं पुढें तीन चौकशा झाल्या.

नेता निघून गेल्यावर मागें राहिलेल्या माणसाचें काम काय असतें ? शिपायांस शस्त्रें खालीं ठेवावयास सांगणें, सूडाच्या भीतीनें पळूं पाहणाऱ्यांस थोपविणें, याद्या करणें, आणि येणाऱ्या ब्रिटिश फौजेच्या स्वाधीन आपल्या माणसांसह स्वतः होणें. साडेतीन वर्षांत ही त्यांची दुसरी शरणागति. पहिल्या वेळीं ते ब्रिटिशांचे अधिकारी म्हणून जपान्यांस शरण गेले होते. आतां स्वतंत्र हिंदुस्थानचे अधिकारी म्हणून ब्रिटिशांच्या हातीं पडले. त्यांस कैदी म्हणून स्वदेशीं आणण्यांत आलें.

७. शपथेचा प्रश्न

येथें एक तुलना करणें आवश्यक वाटतें, कारण ती त्या काळीं शत्रूनेंच केली होती. नॉर्वेचा एक सेनाधिकारी विद्कुन क्विसलिंग (जन्म १८८७) हा सैन्यांतून राजकारणांत शिरला, १९३१ ते १९३३ पर्यंत संरक्षणमंत्री होता, आणि ९ एप्रिल १९४० रोजीं जर्मनांनीं नॉर्वेवर स्वारी केली त्याच सायंकाळीं नभोवाणीवरून त्यानें आपलें सरकार जाहीर केलें. त्याचें आडनांव फितुरीचा पर्याय म्हणून इंग्रजी भाषेंत रूढ झालें. दोस्त राष्ट्रांच्या प्रचारानें हाच शब्द सुभाषबाबूंस लाविला. अर्थात् त्यांच्या सेनाधिकाऱ्यांसही तो चिकटला. क्विसलिंगला ऑस्लो येथें २४ ऑक्टोबर १९४५ रोजीं गोळ्या घालण्यांत आल्या, आणि अवघ्या बारा दिवसांनीं, ५ नोव्हेंबरला, दिल्लीच्या लाल किल्ल्यांत शाहनवाज, सहगल व धिल्लन यांच्यावरील खटला उभा राहिला. हा योगायोग ध्यानांत घेतला म्हणजे त्या आरोपींच्या डोक्यावर कोणती तलवार टांगलेली होती हें कळतें.

भेद कोठें आहे ? नॉर्वेस स्वतःचा राजा होता, निवडलेली संसद होती. क्विसलिंगनें परक्याच्या बळावर त्यांस बाजूस सारलें. हिंदुस्थानास यांपैकीं कांहींच नव्हतें. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉयनें एकाही हिंदी प्रतिनिधीस न विचारतां हा देश युद्धांत ओढला होता. परतंत्र प्रजेस आपल्या मुक्ततेसाठीं युद्ध करण्याचा हक्क आहे, असा युक्तिवाद भुलाभाई देसाई यांनीं लाल किल्ल्यांत केला तो याच भेदावर उभा होता. न्यायासनानें आरोपींस जन्मठेप सुनावली. परंतु ३ जानेवारी १९४६ रोजीं सरसेनापति ऑकिनलेक यांनीं ती माफ केली, आणि पुढील महिन्यांत मुंबईच्या नाविकांनीं बंड केलें. शपथेची जुनी व्याख्या मोडली हें सरकारनें ओळखलें.

तथापि इतिहासलेखकानें दुसरी बाजू झांकतां कामा नये. ज्यांचें साहाय्य घेतलें त्या जपान्यांनीं सयामच्या रेल्वेवर सहस्रावधि आशियाई मजुरांचे बळी घेतले. अंदमानांत, जीं बेटें नांवापुरतीं हंगामी सरकारकडे सोंपविलीं होतीं तेथें, १९४४ च्या जानेवारींत निरपराध हिंदी लोकांस ठार मारलें. हें थांबविण्याचें सामर्थ्य आझाद हिंदच्या सेनापतींत नव्हतें. सामर्थ्य नसणें हा दोष नव्हे, परंतु ती किंमत होती, आणि ती त्यांच्याच देशबांधवांनीं भरली. भोसले यांच्यासारख्या जबाबदार अधिकाऱ्याच्या चरित्रांत हा हिशेब कोरा ठेवणें म्हणजे त्यांचा गौरव करणें नव्हे.

८. सेनेचें दार बंद, संसदेचें उघडें

देश स्वतंत्र झाला. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांस पुन्हां भारतीय सैन्यांत घ्यावें काय, या प्रश्नाचें उत्तर नेहरू सरकारनें नकारार्थीं दिलें. जुन्या शपथेस जागणारे अधिकारी व ती मोडणारे अधिकारी एका छावणींत नांदविल्यास सैन्याची एकी भंगेल, असें सरकारचें म्हणणें होतें. तें व्यवहारदृष्ट्या अगदींच निराधार नव्हतें. परंतु ज्यांच्या खटल्यानें स्वातंत्र्य जवळ आणलें त्यांसच स्वतंत्र देशाच्या सैन्यांत स्थान असूं नये, ही गोष्ट मनास बोंचल्याशिवाय राहत नाहीं. त्यांच्या सामान्य शिपायांस स्वातंत्र्यसैनिक म्हणून केंद्र सरकारचें निवृत्तिवेतन मिळण्यास १९७२ साल उजाडावें लागलें.

अधिकाऱ्यांच्या वाटा फुटल्या. कियानी व हबीबुर रहमान पाकिस्तानांत गेले व काश्मीरच्या प्रश्नांत तिकडून उतरले. लक्ष्मी सहगल पुढें कम्युनिस्ट पक्षांत गेल्या. मोहनसिंग यांस कालांतरानें राज्यसभेंत स्थान मिळालें. शाहनवाज व भोसले यांनीं काँग्रेसचा मार्ग धरला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत भोसले उत्तर रत्नागिरी मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले. जन्मगांव दक्षिणेकडे असतां त्यांस कौल उत्तरेनें दिला. नेहरूंनीं शाहनवाज यांस रेल्वे खात्यांत व भोसले यांस पुनर्वसन खात्यांत उपमंत्री केलें. ज्यांस पलटण देतां येत नव्हती त्यांस खातें दिलें गेलें.

हें खातें शोभेचें नव्हतें. १९५१ च्या शिरगणतीनें पाकिस्तानांतून आलेले निर्वासित सुमारे ७३ लाख दाखविले. त्यांतील सुमारे ४७ लाख पश्चिमेकडून आलेले होते. फरिदाबाद, निलोखेडी व आपल्या ठाणें जिल्ह्यांतील उल्हासनगर हीं गांवें त्यांच्यासाठीं वसलीं. १९५४ सालीं निर्वासितांस नुकसानभरपाई देण्याचा कायदा झाला. देश सोडून गेलेल्यांची मिळकत एकत्र करून देशांत आलेल्यांस तींतून वांटा द्यावयाचा, असें त्याचें सूत्र होतें. दाव्यांचे ढीग, पुराव्याचे कागद गमावलेले लोक, व प्रत्येकाचें खरें दुःख, असा हा कारभार होता. आम्ही ज्या नगरींत राहतों ती १९७० नंतर ९५ गांवांच्या जमिनीवर उभी राहिली, आणि 'पुनर्वसन' या शब्दापोटीं १९८४ सालीं येथील पांच शेतकऱ्यांनीं प्राण दिले. म्हणून या शब्दाचें वजन नव्या मुंबईच्या वाचकांस निराळें समजावून द्यावयास नको. पूर्वीं छावणींतील अधांतरीं शिपायांच्या याद्या करणाऱ्या माणसाकडे आतां छावणींतील अधांतरीं कुटुंबांच्या याद्या आल्या.

त्यांच्या राजकीय जीवनाचा शेवट मात्र लवकर झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनें मराठी मुलुखांत काँग्रेसविषयीं रोष उसळला. १९५६ सालीं चिंतामणराव देशमुख यांनीं अर्थमंत्रिपद सोडलें. १९५७ च्या निवडणुकींत रत्नागिरीची जागा जनसंघाचे प्रेमजीभाई आसर यांनीं व राजापूरची नाथ पै यांनीं जिंकली. भोसले पुन्हां लोकसभेंत दिसले नाहींत. लोकमताचा प्रवाह ओळखून त्याबरोबर वळणें हा राजकारणी पुरुषाचा गुण होय. भोसले यांच्या ठिकाणीं तो दिसत नाहीं.

९. राष्ट्रीय अनुशासन योजना

परंतु त्यांचें खरें राजकीय कार्य लोकसभेंत झालेंच नाहीं. तें झालें दिल्लीच्या लाजपतनगरांत, कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या वसाहतींत. फाळणींत कुटुंबें उद्ध्वस्त झालेल्या स्त्रिया व मुलें तेथें राहत. ज्यांनीं सात-आठ वर्षांच्या वयांत कत्तली पाहिल्या त्या मुलांस शाळेच्या बांकावर बसविणें सोपें नव्हतें. जुलै १९५४ मध्यें भोसले यांनीं तेथें कवाईत, व्यायाम, समूहगीत व देशप्रीतीच्या गोष्टी यांचा एक क्रम सुरू केला. मुलांत पडलेला फरक पाहून तो इतर निर्वासित शाळांत नेण्यांत आला, व पुढें शिक्षण मंत्रालयाच्या आश्रयानें निरनिराळ्या राज्यांत पसरला. हीच राष्ट्रीय अनुशासन योजना. शिक्षक तयार करण्यासाठीं राजस्थानांत अलवारजवळ सरिस्का येथें केंद्र उघडलें. मंत्रिपद गेल्यावरही भोसले या कामास चिकटून राहिले, आणि १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर योजनेस विशेष जोर आला.

आम्हीं उभा जन्म शाळेंत घालविल्यामुळें या योजनेविषयीं दोन शब्द अधिकारानें बोलूं शकतों. कवाइतीनें रांग सरळ होते. मन सरळ होतेंच असें नाहीं. आपला 'शिस्त' हा शब्द फारसींतून आलेला, व त्याचा जुना अर्थ नेम, बंदुकीचा रोख, असा आहे. संस्कृतांत त्यासाठीं 'विनय' हा शब्द असून कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणास 'विनयाधिकारिक' हेंच नांव दिलें आहे. धातु 'नी', म्हणजे नेणें. पहिल्या शब्दांत बाहेरून रोखणें आहे, दुसऱ्यांत हात धरून नेणें. भोसले यांच्या योजनेवर जे आक्षेप आले ते ती पहिल्या अर्थीं राबविली गेली म्हणून. १९५९ मध्यें हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें शाळांतील असे निरनिराळे उपक्रम एकत्र करण्याची शिफारस केली, आणि १९६५ सालीं ही योजना नव्या राष्ट्रीय स्वास्थ्य दलांत विलीन झाली. कस्तुरबा निकेतनांत मात्र तिचा अर्थ दुसराच होता. तेथें ज्यांस घर नव्हतें त्यांस ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि शेजारीं पाऊल टाकणारा सोबती मिळाला. युद्धकैद्यांच्या छावणींत माणूस कशानें टिकतो हें स्वतः पाहिलेल्या अधिकाऱ्यासच हें सुचणें शक्य होतें, असें आम्हांस वाटतें.

भोसले १९६३ सालीं निवर्तले. त्यांच्या योजनेचा विलय पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली नाहीं.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. डिसेंबर १९४२ मध्यें मोडलेली सेना, ऑगस्ट १९४५ मध्यें हरलेली सेना, फाळणीनें उखडलेलीं कुटुंबें, आणि त्या कुटुंबांतील अनाथ मुलें, हीं चार कामें भोसले यांच्याकडे आलीं. चारही ठिकाणीं नुकसान दुसऱ्यांच्या निर्णयानें झालेलें होतें. चारही ठिकाणीं त्यांचें साधन एकच होतें : माणसांस ओळींत उभें करणें व त्यांस आपण एकटे नाहीं हें जाणवून देणें. सैनिकाचा राजकारणी झाला असें त्यांच्याविषयीं म्हणण्यापेक्षां, सैनिकानें राजकारणांतही आपलेंच काम चालू ठेविलें असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. त्यामुळेंच ते राजकारणांत टिकले नाहींत, आणि त्यामुळेंच त्यांनीं तेथें जें केलें तें मोलाचें ठरलें.

महाभारतांत युद्ध संपल्यावर शांतिपर्व येतें, व त्यानंतर अनुशासनपर्व. शरपंजरीं पडलेला वृद्ध सेनानी राज्य मिळालेल्या राजास दोन्ही पर्वांत धर्म सांगतो. वाचक बहुधा रणपर्वें वाचून ग्रंथ मिटतात. भोसले यांच्या चरित्राच्या बाबतींत आमच्याकडून तसेंच झालें आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथील, तसेच मुंबई व नव्या मुंबईंत स्थायिक झालेल्या तरुण अभ्यासकांनीं आतां तिरोडें येथील कुटुंबकथा, पहिल्या लोकसभेचीं इतिवृत्तें, पुनर्वसन खात्याचे वार्षिक अहवाल, आणि राष्ट्रीय अनुशासन योजनेंत शिकलेल्या व शिकविलेल्या वृद्ध शिक्षकांच्या आठवणी एकत्र कराव्या. यांतील शेवटचें साधन फार दिवस उपलब्ध राहणार नाहीं. त्या शिक्षकांचीं वयें आतां ऐंशीच्या पुढें गेलीं आहेत. कोणाच्या गांवीं असे गुरुजी हयात असतील तर त्यांच्याकडे वही घेऊन जाण्यास विलंब करूं नये, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.